शाळेच्या बसथांब्यावर मुलांना सोडणं-आणणं : खान्देशातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडली की तेच प्रश्न पुन्हा येतात. काही फोनवर, काही थांब्यावरच्या गप्पांत, काही रात्री साडेदहाला "ताई, एक विचारू का?" म्हणून. शाळेच्या परिवहन समितीवर पालकांची प्रतिनिधी म्हणून काम करताना जमलेले हे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र दिले आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पालकांचे प्रश्न यात आहेत, त्यामुळे कॉलनीतला थांबाही आहे आणि शेतरस्त्यावरचा फाटाही. बहुतेकांचे प्रश्न सकाळचे असतात. खरं तर सकाळी थांब्यावर माणसांची कमी नसते. दुपारी तोच थांबा ओस पडलेला असतो आणि घोटाळे तेव्हाच होतात. म्हणून परतीच्या वेळेबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

१. थांबा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी सोबत जायलाच हवं का?

मूल लहान असेल तर हो. खरा धोका वाटेत कमी आणि थांब्यावर जास्त असतो. बस दिसली की मुलं धावत सुटतात. कोणाची पाण्याची बाटली निसटून चाकाकडे घरंगळते आणि ती उचलायला मूल वाकतं. उंच सीटवर बसलेल्या ड्रायव्हरला बसच्या अगदी पुढ्यात वाकलेलं पोर दिसत नाही. त्या क्षणी बाल्कनीतून हात हलवणारी आई काही करू शकत नाही. हाक पोचते, हात पोचत नाही.

मुलांना एवढं एकच वाक्य पाठ करून घ्या : "बसखाली गेलेली वस्तू गेली, ती मोठ्या माणसाने काढायची."

२. कितव्या वर्षापासून एकट्याला पाठवलं तर चालेल?

कायद्यात असं वय लिहिलेलं नाही. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज नीट येत नाही. नऊ-दहा वर्षांपर्यंत तर त्यांच्या अंदाजावर अजिबात विसंबू नये. आमच्याकडे साधारण असं चालतं : चौथीपर्यंत हात धरून, पाचवी-सहावीत दहा पावलं मागे राहून, आणि सातवीपासून एकटं, तेही रस्ता कॉलनीतला असेल तर. वाटेत महामार्ग किंवा ट्रकांचा रस्ता ओलांडायचा असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे सातवीतल्यालाही सोबत हवी.

वयापेक्षा ही परीक्षा घ्या. एक आठवडा मुलालाच सांगा, "आज तू मला थांब्यावर ने." ते कुठे थांबतं, आधी उजवीकडे बघतं का, उभ्या टेम्पोच्या आडून एकदम पुढे येतं का, हे गुपचूप पाहा. समोरून मित्राने हाक मारली तर काय करतं, तेही पाहा. बहुतेक मुलं इथेच नापास होतात.

३. किती वेळ आधी पोचायचं?

पाच मिनिटं पुरतात. पंधरा-वीस मिनिटं आधी गेलात तर मुलं कंटाळून पकडापकडी सुरू करतात, आणि ती रस्त्याच्या कडेलाच.

४. थांब्यावर नेमकं उभं कुठे राहायचं?

डांबराच्या कडेपासून चार-पाच पावलं मागे. मूल तुमच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडे तुम्ही. बस पूर्ण थांबून दार उघडेपर्यंत कोणी पुढे सरकायचं नाही. दप्तराचे लोंबणारे पट्टे, बाटलीची दोरी, मुलींची ओढणी आधीच आवरून घ्या. दारात अडकतात त्या याच गोष्टी. लहान मुलाला तुमचं बोट धरू देऊ नका, तुम्ही त्याचं मनगट धरा. बोट धरलेलं मूल झटका देऊन सुटतं.

आता खरी अडचण. आपल्याकडे पालक थांब्यावर चालत कमी आणि मोटारसायकलवर जास्त येतात. गाडी थेट थांब्याला टेकवतात, खाली उतरतही नाहीत, मूल टाकीवर बसलेलं. आठ-दहा गाड्यांचा गराडा पडला की बसला कडेला यायला जागा उरत नाही. मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि मुलं सायलेन्सरांच्या फटींतून वाट काढत दारापर्यंत जातात. तेवढ्यात एखादे भाऊ ड्युटीच्या घाईत गाडी सुरू करून जागच्या जागी वळवतात. आणि वर ड्रायव्हरलाच बोल लावतात, "मधेच उभी करतो." त्याने दुसरं काय करावं?

गाडी जवळच्या गल्लीत लावा आणि थांब्यापर्यंत चालत या. कितीही घाई असली तरी बस हलेपर्यंत किक मारू नका. हा नियम पाळायला लावणं एकट्याचं काम नाही. थांब्यावरच्या दोन-तीन जणांनी ठरवलं की बाकीचे आपोआप पाळतात.

५. मुलगी बस आली की रडते. बसमध्ये चढून तिला बसवून येऊ का?

नको. तुम्ही चढलात की उतरताना दुसऱ्यांदा रडू, आणि मागे बसचा खोळंबा. निरोप दारात, छोटा आणि रोज सारखाच ठेवा : एक टाळी, डब्यात काय आहे ते सांगायचं, झालं. तिला बसमधल्या मावशींच्या (मुलांना सांभाळणाऱ्या महिला सहायकांच्या) हाती द्या. शेजारच्या वर्गातली एखादी ताई रोज तिच्याजवळ बसेल असं बघा. आठ-पंधरा दिवसांत बहुतेक मुलं रुळतात. महिन्याभरानंतरही रडणं थांबलं नाही किंवा मधेच एकाएकी सुरू झालं, तर बसमध्ये कोणी त्रास देतंय का, हे तिला शांतपणे विचारा. उलटतपासणी नको.

६. सकाळी बस आमच्या दारात येते, पण दुपारी रस्त्याच्या पलीकडे उतरवते. ड्रायव्हर ऐकत नाही. काय करायचं?

यात ड्रायव्हरचा दोष नाही. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात आणि बसचं दारही डावीकडेच असतं. त्याच रस्त्याने जाणारी-येणारी बस सकाळी तुमच्या बाजूला थांबत असेल, तर दुपारी ती समोरच्याच बाजूला थांबणार. गोल फेरी मारणारी बस असेल तर गोष्ट वेगळी. नाही तर दिवसातून एकदा रस्ता ओलांडणं आलंच. ती वेळ कोणती, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

पलीकडे तुम्ही जायचं. मुलाने अलीकडे यायचं नाही. बऱ्याच जणी घराच्या बाजूला, झाडाच्या सावलीत उभ्या राहतात आणि उतरलेल्या मुलाला तिथूनच हाक मारतात. आई दिसली की मूल रस्त्याकडे बघत नाही, आईकडे बघत धावतं. म्हणून बस यायच्या आधीच पलीकडे जाऊन उभं राहा.

उतरल्यावर मनगट धरा आणि बस निघून जाईपर्यंत जागचे हलू नका. उभ्या बसच्या पुढून गेलात तर तिला ओव्हरटेक करणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. मागून गेलात तर समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसत नाही. बस गेली की दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. अर्धा मिनिट लागतो, तेवढा द्या. शाळेची बस थांबलीय म्हणून मागची वाहनं थांबतील, या भरवशावर आपल्याकडे कोणी राहू नये.

महामार्गावर एवढ्यानेही भागत नाही. जळगावात खोटेनगर ते अजिंठा चौफुली हा शहराच्या मधून जाणारा पट्टा असो, की धुळ्याच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेली गावं असोत, दुभाजकाच्या फटीतून मुलांना नेणं हा रस्ता ओलांडणं नव्हे, जुगार आहे. अशा ठिकाणी थांबाच हलवून घ्या. कसा, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

७. आम्ही दोघंही शेतात असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणीच नसतं. मुलाला आणायला कोण जाणार?

दिवाळीच्या आगेमागे हा प्रश्न गावोगावी येतो. चोपडा-शिरपूरकडच्या काही पालकांनी जे केलं ते सगळ्यात सोपं वाटतं : पाळी लावायची. एका थांब्यावरची पाच-सहा घरं एकत्र येतात आणि एकेक वार वाटून घेतात. सोमवारी एकाची आई, मंगळवारी दुसऱ्याची आजी, असं. ज्याची पाळी तो त्या दिवशी शेतातून लवकर येतो. बाकीचे दिवस त्याला निवांत काम करता येतं.

पाळी टिकायची असेल तर काही गोष्टी पक्क्या ठरवा. एका माणसामागे सहा-सातपेक्षा जास्त लहान मुलं नकोत. मूल कोपऱ्यावर सोडून द्यायचं नाही, दारात पोचवायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती द्यायचं. घरी कोणी नसेल तर आपल्याच ओट्यावर बसवून ठेवायचं. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या रात्री स्वतःच बदली माणूस शोधायचा. "मला वाटलं तू जाशील" या वाक्यावर पाळ्या मोडतात. पाळीच्या माणसांची नावं बसमधल्या मावशींना लिहून द्या, नाही तर त्या मूल सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

गल्लीतल्या एखाद्या आजीला महिन्याला थोडे पैसे देऊनही काही ठिकाणी हे चालतं. त्यात कमीपणा काही नाही.

८. नातवाला आजोबा सोडतात. त्यांना नीट ऐकू येत नाही आणि नातू हात सोडून पळतो. सासऱ्यांना सांगायचं कसं?

सासऱ्यांना सांगण्याआधी नातवाला सांगा : "आबांना रस्त्यावर तू सांभाळायचं." जबाबदारी दिली की पळणारी पोरं सरळ चालतात. आबांचा मान राहतो आणि काम होतं. मात्र रस्ता ओलांडायची वेळ (प्रश्न ६) आजोबांवर टाकू नका. सकाळी थांबा घराच्या बाजूला असेल तर सोडणं त्यांच्याकडे, दुपारचं आणणं दुसऱ्या कोणाकडे.

९. आठवीतली ताई पहिलीतल्या भावाला सोबत नेते. चालेल ना? आणि नववीतला मोठा मुलगा स्कूटीवर सोडून आला तर?

ताईचं चालेल, रस्ता साधा असावा आणि दोघं एकाच बसने जात असावीत. पण तिची शाळा दुसरी असेल, तर भावाची बस यायच्या आधी तिची बस आली की ती काय करणार, याचा विचार आधी करा. परीक्षेच्या दिवसांत तिच्यावर हे काम नको.

स्कूटीचं उत्तर सरळ नाही असं आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. "गावातल्या गावात तर जातो" हे कारण पोलीस ठाण्यात चालत नाही.

१०. मोटारसायकलवर पुढे एक, मागे एक अशी दोन मुलं घेऊन थांब्यावर गेलं तर?

सगळे जातात, हे खरं. तरी दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकाच जणाला परवानगी आहे, आणि त्यात लहान मूलही मोजलं जातं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांखालच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. टाकीवर बसवलेलं मूल अचानक ब्रेक लागला की थेट हँडलवर आपटतं. थांबा चालत जाण्याइतका जवळ असेल तर चाला. दोन फेऱ्या माराव्या लागल्या तर मारा, पण एका मुलाला थांब्यावर एकटं ठेवून दुसऱ्याला आणायला जाऊ नका. शेजारच्या पालकाला सांगून जा.

११. बस डोळ्यांसमोरून निघून गेली. पुढच्या थांब्यावर गाठू का?

नाही. बसच्या मागे मोटारसायकल पळवणं, हॉर्न देत तिला आडवं जाणं, हे रोज कुठे ना कुठे चालतं, आणि मागे बसलेल्या मुलाच्या डोक्यावर बहुतेक वेळा हेल्मेटही नसतं. बस चुकली तर सरळ शाळेत सोडा. ते जमत नसेल तर घरी ठेवा आणि वर्गशिक्षकांना कळवा. एक दिवस बुडाल्याने काही होत नाही.

१२. बस आली नाही तर किती वेळ थांबायचं? कोणाला फोन करायचा?

दहा-पंधरा मिनिटं वाट पाहा, मग फोन करा. पण ड्रायव्हरला नाही. तो गाडी चालवत असतो, आणि एका थांब्यावरून एकाने केला की पाठोपाठ सगळे करतात. फोन बसमधल्या मावशींना किंवा शाळेच्या वाहतूक प्रमुखांना. थांब्यावरच्या एकाच पालकाने करावा आणि बाकीच्यांना सांगावं.

आपल्याकडे उशिराचे काही दिवस ठरलेले आहेत. श्रावणात कानबाईच्या (आपल्या खान्देशातल्या देवीच्या) विसर्जनाचा सोमवार, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेमुळे शहादा-दोंडाईचा रस्त्यावर होणारी गर्दी, आणि बाजाराचा वार. त्या दिवशी बस कोणत्या रस्त्याने येणार, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बस दुसऱ्या रस्त्याने आली तर उतरायचा थांबाही बदलतो, आणि घरचे नेहमीच्या थांब्यावरच उभे राहतात.

१३. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते आणि मुलं भर उन्हात उतरतात. काय काळजी घ्यायची?

जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिलअखेर पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळची शाळा उन्हापासून वाचवायला असते, पण शेवटच्या थांब्यावरची मुलं साडेबारा-एकला उतरतात, म्हणजे ऊन ऐन भरात असताना. त्या दिवसांत दुपारी थांब्यावर जाणं टाळू नका, उलट पाण्याची बाटली, छत्री आणि ओला रुमाल घेऊन जा. डोक्याला टोपी किंवा उपरणं. वाट पाहताना लोखंडी खांबाला, पत्र्याच्या शेडला टेकू देऊ नका, चटका बसतो. सावली नसलेल्या थांब्याबाबत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला अर्ज द्याच, पण तोवर जवळच्या दुकानदाराशी बोलून ठेवा. बहुतेक दुकानदार मुलांना ओट्यावर बसू देतात.

सकाळी बाटली भरून दिली तरी परतीच्या वेळी ती रिकामी असते. मुलाला शाळा सुटायच्या आधी ती पुन्हा भरून घ्यायची सवय लावा. उतरल्यावर मूल गळून गेलेलं, चक्कर येते म्हणत असेल, मळमळत असेल, तर आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्या. बडबडायला लागलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर पाणी पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. खिशात कांदा ठेवायची आपली पद्धत आहे. ठेवायचा तर ठेवा, पण कांदा ठेवला म्हणून पाणी विसरू नका.

१४. थंडीत बस यायच्या वेळी पूर्ण अंधार असतो. इतक्या सकाळी शाळा असायलाच हवी का?

जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि लांबच्या गावांत बस सव्वासहाला येते. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ ला निघाला आहे. तुमच्या शाळेत तो पाळला जात नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मांडा.

तोवर स्वेटर फिक्या रंगाचा घ्या, दप्तरावर चमकणारी पट्टी चिकटवा आणि हातात बॅटरी ठेवा. मोबाइलचा टॉर्च चालेल, पण त्याच मोबाइलवर स्टेटस बघत उभं राहू नका. सगळ्यात जास्त सावध राहायचं ते मागे दिवा नसलेल्या कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्यांपासून. एक ट्रॅक्टर गेला म्हणून मूल पाऊल टाकतं, आणि मागची ट्रॉली त्याला दिसतच नाही.

१५. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहतं. ड्रायव्हर म्हणतो, "एवढ्यातून गाडी निघते."

निघते, आणि एखाद्या दिवशी निघत नाही. फरशी पूल पाण्याखाली असेल तर मूल चढवू नका. पाणी गढूळ असलं की खालचा भराव वाहून गेलाय का, हे कोणालाच दिसत नाही. परतीच्या वेळी पाऊस झाला तर बसने अलीकडच्या गावात थांबायचं. ते घर किंवा शाळा कोणती, हे जूनमध्येच ठरवून ठेवा.

१६. थांब्यावर भटकी कुत्री असतात. मुलगा घाबरतो.

पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाला लावून उभं राहायचं. आणि हे रोज तुमच्या देखत शिकवा. थांब्यावर बिस्किटं खाऊ घालणं बंद करा, कुत्री त्याच वेळी येऊन बसतात. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते.

१७. थांबा धोक्याच्या जागी आहे. बदलून कसा घ्यायचा?

ड्रायव्हरशी तोंडी ठरवू नका. तो एक दिवस थांबेल, बदली ड्रायव्हर थांबणार नाही. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. थांबे आणि भाडं ठरवणं हे तिचंच काम आहे. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, पोच घ्या. अर्जात "थांबा धोकादायक आहे" एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या वेळी, कोणत्या बाजूला, किती मुलं, रस्ता किती रुंद, आणि जवळची सुरक्षित जागा कोणती, हे लिहा. दुपारच्या वेळेचे दोन फोटो जोडा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, थांब्यावरच्या सगळ्यांच्या सह्या असल्या की बैठकीत येतो.

समिती कागदावरच असेल तर जिल्ह्याच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात तक्रार करता येते. गाडीचीच तक्रार असेल, म्हणजे संकटकालीन दार उघडत नाही किंवा मुली असलेल्या बसमध्ये महिला सहायक नाही, तर तीही तिथेच.

१८. आमच्या पोरी एसटीने जातात. फाट्यावर गाडी थांबतच नाही.

पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते गाडी थांबण्यात. पास आहे आणि गाडी भरून पुढे जाते, ही तक्रार कंडक्टरशी भांडून सुटत नाही. गाडीचा नंबर, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा, आणि आठवड्याभराची नोंद घेऊन शाळेच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांना भेटा. सरपंचांना सोबत न्या.

फाट्यावर मुलींचा गट एकत्र असावा आणि संध्याकाळी अंधार पडत असेल तर गावातलं कोणीतरी फाट्यापर्यंत जावं. पाळीची पद्धत (प्रश्न ७) इथेही चालते. गाडी चुकली म्हणून अनोळखी गाडीला हात दाखवायचा नाही. त्याऐवजी घरी फोन करायचा, आणि घरच्यांनी त्यावर रागवायचं नाही. रागावतील या भीतीनेच मुली फोन करत नाहीत.

१९. आज दुसराच ड्रायव्हर आणि दुसरी गाडी आली. मूल चढवू का?

मावशी ओळखीच्या असतील तर चढवा. ड्रायव्हर, मावशी आणि गाडी तिन्ही नवं असेल, तर शाळेत फोन लागेपर्यंत नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवला तरी चालेल.

२०. आम्हाला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला, तर मावशींनी मुलाला परत शाळेत नेलं. हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर, आणि त्यांचे आभार माना. लहान मूल ठरलेल्या माणसाच्या हातीच द्यायचं. माणूस नसेल तर पुढची फेरी करून परतताना पुन्हा बघायचं, तरी नसेल तर शाळेत. "शेजारी उभे होते, त्यांच्याकडे द्यायचं ना!" असं पालक म्हणतात. ते शेजारी मावशींच्या यादीत आहेत का? कितवीपर्यंत हा नियम आणि कोणत्या इयत्तेपासून मूल एकटं उतरू शकतं, हे पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला लेखी द्यावं.

२१. "पप्पांनी पाठवलंय" म्हणून कोणी मुलाला न्यायला आलं तर?

घरात एक खुणेचा शब्द ठरवा, जो बाहेर कोणाला माहीत नाही. येणाऱ्याने तो सांगितला तरच जायचं, मग तो मामा असला तरी. मुलं नात्याला भुलतात, आणि आपल्याकडे तर प्रत्येक जण काका नाही तर मामा. दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. कोणी रोज थांब्याभोवती घुटमळत असेल तर पोलिसांना ११२ वर कळवा, आणि मुलाला काही त्रास झाल्याचं कळलं तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

२२. आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. थांब्यावर ते येऊन मुलाला घेऊन जातात.

ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि कोणत्या वारी कोण येणार, हे लेखी कळवा. आदेश नसेल तर हा निवाडा बसच्या दारात मावशींनी करायचा नाही. वाद झाला की मूल बसमध्येच ठेवून शाळेत न्यावं आणि दोघांनाही तिथे बोलवावं. मुलाच्या देखत, सगळ्या थांब्यासमोर ओढाताण करू नका, मग चूक कोणाचीही असो.

२३. मुलीला चालता येत नाही. बस गल्लीत येत नाही.

दारापर्यंत थांबा मागण्याचा अर्ज समितीकडे करा (प्रश्न १७), डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रवास भत्ता आणि सोबत करणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता असतो. त्याची चौकशी पंचायत समितीतल्या गटसाधन केंद्रात करा.

२४. बस येऊन गेली, पण मूल उतरलंच नाही. पहिल्यांदा काय करायचं?

बहुतेक वेळा ते मागच्या सीटवर झोपलेलं असतं. उन्हाळ्यात आणि परीक्षेच्या दिवसांत हे जास्त होतं. आधी मावशींना फोन करून सगळ्या सीट आणि सीटखालची जागा बघायला सांगा. मग शाळेत विचारा की मूल बसमध्ये चढलं होतं का. कधी ते दुसऱ्या बसमध्ये बसतं, कधी मैदानावर खेळत राहतं. दोघांपैकी एकाने थांब्यावरच थांबावं, दुसऱ्याने शोधावं. फोन उचलला जात नसेल तर बस जिथे उभी राहते तिथे कोणाला तरी लगेच पाठवा, कारण काचा बंद करून उन्हात लावलेल्या बसमध्ये मूल थोडा वेळही सुरक्षित नसतं. फेरी संपल्यावर मावशींनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊनच खाली उतरायचं, हे परिवहन समितीकडून लेखी ठरवून घ्या.

शाळेत नाही, बसमध्ये नाही, असं कळलं तर नातेवाइकांकडे फोन करण्यात वेळ घालवू नका. ११२ ला कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. हरवलेल्या मुलाची तक्रार पोलिसांनी लगेच घ्यायची असते; चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. जाताना मुलाचा अलीकडचा फोटो, गणवेशाचा रंग आणि बसचा नंबर सोबत ठेवा.